पहिली टँडम उडी: पैसे भरण्याआधी काय ठरवायचं, आणि कोणत्या क्रमाने

टँडम उडीचा निर्णय बहुतेक जण उलट्या क्रमाने घेतात. आधी मित्रांसोबत तारीख ठरते, मग दुबईचं तिकीट निघतं, मग उडीचे पैसे ऑनलाइन भरले जातात. पाठदुखी, विमा, वजन, घरच्यांना सांगायचं की नाही, हे सगळं त्यानंतर आठवतं. तोवर पैसे अडकलेले असतात, आणि अडकलेला पैसा माणसाला विमानात बसवतो. खाली दिलेला क्रम यासाठीच आहे: शरीर, मग उडी घडवून आणणारी संस्था, मग विमा आणि घर. पैसे शेवटी.

आधी एक घोटाळा दूर करू. समुद्रावर बोटीमागे दोरीने उडवतात ते पॅरासेलिंग. पाठीवर पंखा बांधून जमिनीवरून उडतात ते पॅरामोटर. टँडम स्कायडायव्हिंग म्हणजे विमानातून उडी: तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात चार हुकांनी जोडलेले, आणि दोघांचं पॅराशूट त्याच्या पाठीवर. जाहिरातीत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. विचारायचा पहिला प्रश्न हाच, की विमान कोणतं आणि उडी किती फुटांवरून.

१. धोका नेमका कशाचा, ते वेगळं करा

अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. यात सगळ्या प्रकारच्या उड्या आल्या. फक्त टँडम घेतलं, तर दशकभराची सरासरी साधारण पाच लाख उड्यांमागे एका विद्यार्थ्याचा, म्हणजे तुमच्यासारख्या जोडून उडणाऱ्याचा मृत्यू, अशी आहे.

हा आकडा वाचून हायसं वाटतं, पण तो दोन गोष्टी सांगत नाही. एक, तो तिथल्या नियमांत चालणाऱ्या केंद्रांचा आहे. दुसऱ्या देशातल्या एखाद्या केंद्राला तो आपोआप लागू होत नाही. दोन, तो मृत्यूंचा आहे, दुखापतींचा नाही. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला पॅराशूट न उघडण्याची भीती असते, पण प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त ती उतरतानाच्या इजेची: घोटा, नडगी, माकडहाड.

पॅराशूटच्या बाजूने तीन आडोसे असतात. मुख्य पॅराशूट बिघडलं तर इन्स्ट्रक्टर ते सोडून देतो आणि राखीव उघडतो. त्याला काहीच करता आलं नाही, तर एक स्वयंचलित यंत्र ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट उघडतं. टँडमसाठीच्या प्रचलित यंत्रात ही उंची सुमारे १,९०० फूट असते. उतरताना मात्र असं कोणतंही यंत्र मदतीला नसतं. तिथे तुमचे पाय आणि इन्स्ट्रक्टरचा अंदाज, एवढंच. म्हणून निर्णय घेताना स्वतःला ‘पॅराशूट उघडेल का’ असं विचारू नका. ‘घोटा मोडला तर सहा-आठ आठवडे माझं काय अडेल’ हे विचारा. रिक्षा चालवणाऱ्याचं आणि घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्याचं उत्तर एकसारखं येणार नाही.

२. शरीराची तपासणी: बुकिंगच्या निदान तीन आठवडे आधी

आधी वजन. बहुतेक केंद्रांची मर्यादा ९० ते १०० किलोच्या आसपास असते. दुबईत पुरुष आणि स्त्रियांची मर्यादा वेगळी असून उंचीच्या प्रमाणात वजनही पाहतात. घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी भरलेलं वजन धरू नका. तिथे कपडे आणि बुटांसकट वजन होतं, म्हणजे दीड-दोन किलो वाढवूनच मोजा. मर्यादेच्या काठावर असाल तर पैसे भरू नका. काट्यापाशी उभं राहून हुज्जत घातल्याने कोणाचं वजन उतरलेलं नाही.

मग पायांची चाचणी. ही कोणी सांगत नाही, आणि हीच सर्वांत उपयोगाची.

- खुर्चीवर पाठ टेकून बसा.
- दोन्ही हातांनी गुडघ्याजवळ पँट पकडा.
- दोन्ही पाय जुळवून समोर सरळ करा, टाचा बैठकीच्या उंचीला आणा.
- मनात दहा आकडे मोजा. हेच तीनदा करा.

उतरताना तुम्हाला नेमकं हेच करायचं असतं, तेही हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, लटकलेलं असताना. दहा आकडे होण्याआधी पाय खाली येत असतील, तर दोन-तीन आठवडे रोज सराव करा आणि पुन्हा पाहा. तरीही जमत नसेल तर उडी पुढे ढकला. इथे उडीची तारीख कॅलेंडरवरून नाही, पायांवरून ठरते.

पुढच्या गोष्टींसाठी डॉक्टरांचं मत आधी घ्या, आणि ‘मी ४ किलोमीटर उंचीवरून बिनदाबाच्या विमानातून उडी मारणार आहे’ असं स्पष्ट सांगून घ्या. नुसतं ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट’ म्हटलं तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ट्रेकिंग येतं.

- हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट्सचा इतिहास
- मान, कंबर किंवा मणक्याचं दुखणं, निखळणारा खांदा
- हाडांची ठिसूळता, गुडघ्याची किंवा घोट्याची जुनी शस्त्रक्रिया
- रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन
- दृष्टिपटलाचा त्रास, डोळ्याची किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया

गरोदरपणात उडी नाही. यावर चर्चेला जागा नाही.

सर्दी हा विषय लोक हसण्यावारी नेतात. १३,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्के असतो, आणि तिथून जमिनीवर तुम्ही सात-आठ मिनिटांत येता. नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या पडद्याआतला दाब तेवढ्या वेगाने जुळत नाही. कळ सणकून येते, पडद्याला इजाही होऊ शकते.

थांबा: त्याच सहलीत स्कूबाही आहे का? मग आधी उडी, नंतर डाइव्ह. प्रवासी विमानासाठी सांगितली जाणारी किमान मर्यादा एका साध्या डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास अशी आहे. पण प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो, उडीच्या विमानात तो नसतो. तारकर्लीला शनिवारी डाइव्ह आणि रविवारी उडीच्या विमानात, असलं वेळापत्रक आखू नका. पट्टायासारख्या ठिकाणी ही चूक सहज होऊ शकते, कारण तिथे दोन्हींची सोय आहे.

३. भीतीची चाचणी, स्वस्तात

गच्चीच्या कठड्याशी डोळे फिरतात म्हणून उडी जमणार नाही, असं नाही. कठड्याशी चक्कर येते ती जवळच्या कडेमुळे. विमानाच्या दारातून खाली दिसतो तो नकाशा. पाळण्यात बसल्यासारखा पोटात खड्डाही फारसा पडत नाही, कारण बाहेर पडताना तुम्ही विमानाच्या वेगाने पुढे जातच असता.

अडचण वेगळीकडे येते: घट्ट बांधलेलं असणं, छोट्या विमानात माणसांना माणसं चिकटून बसणं, आणि परत फिरण्याचं नियंत्रण हातात नसणं. लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या यंत्रात घाबरायला होत असेल, तर ते उंचीच्या भीतीपेक्षा जास्त गांभीर्याने घ्या.

पुण्या-मुंबईकरांना एक सोपी पायरी आहे. कामशेतला टँडम पॅराग्लायडिंग करून पाहा. हार्नेस मांड्यांना कसा काचतो, हवेत मळमळतं का, अनोळखी माणसावर भार टाकून लटकणं जमतं का, उतरताना सूचना कानावर पडूनही पाय ऐकतात का, हे तिथे कळतं. मुक्त पतन, म्हणजे पॅराशूट उघडेपर्यंतचं नुसतं पडणं, मात्र कळत नाही. त्यासाठी दुबईत मिर्डिफला हवेच्या बोगद्यात उडण्याची सोय आहे. तोंडावर जोराचा वारा असताना श्वास कसा घ्यायचा, हा एक धडा जरी तिथून मिळाला तरी पैसे वसूल.

तपासा: उडी तुम्हाला मारायची आहे की कुणी वाढदिवसाला भेट दिली आहे? दारात पोचून हातपाय गाळणाऱ्यांत ‘सरप्राइज’ मिळालेले बरेच असतात.

४. संस्था निवडणं: कोणते प्रश्न, आणि कोणतं उत्तर पुरेसं

भारतात हवाई खेळांसाठी केंद्र सरकारचं २०२२ चं राष्ट्रीय धोरण आहे आणि स्कायडायव्हिंग त्यात येतं. हरियाणात नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर टँडम उड्या होतात. दिल्लीहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. बाकी, ‘भारतातली दहा स्कायडायव्हिंग ठिकाणं’ छापाच्या याद्यांवर विसंबून सुट्टी टाकू नका. यादीत नाव असलं म्हणजे तिथे आज विमान उडतंय असं नाही. फोन करा आणि गेल्या महिन्यात उड्या झाल्या का, पुढच्या तारखा कोणत्या, हे विचारा.

मग हे प्रश्न, शक्यतो लेखी:

- इन्स्ट्रक्टरकडे टँडमचं वेगळं प्रमाणपत्र आहे का? एकूण उड्या किती, आणि गेल्या तीन महिन्यांत टँडम किती? अमेरिकेत टँडम इन्स्ट्रक्टर व्हायला निदान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात. ती खालची पट्टी धरा. अलीकडचा सराव एकूण आकड्याइतकाच महत्त्वाचा.
- राखीव पॅराशूट शेवटचं कधी उघडून, तपासून पुन्हा बांधलं? अमेरिकेत हे दर १८० दिवसांनी करावं लागतं आणि बांधणाऱ्याच्या सहीची नोंद संचासोबत ठेवलेली असते. ती तारीख दाखवायला नकार मिळाला तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.
- स्वयंचलित यंत्र आहे का, आणि त्याची मुदत?
- वारा किती असल्यावर तुम्ही थांबता? इथे आकडा आला पाहिजे. ‘आम्ही बघतो’ हे उत्तर नाही.
- हवामानामुळे उडी झाली नाही तर पैसे परत की नवी तारीख? आणि मी स्वतः नकार दिला तर?
- अस्थिरोग विभाग असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर?

उंचीचाही हिशेब करून घ्या, कारण दर त्यावरच ठरतो. मुक्त पतनाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर आणि पॅराशूट उघडायचं ५,५०० फुटांच्या आसपास असं धरलं, तर १०,००० फुटांवरून साधारण ३० सेकंद मिळतात, १३,००० वरून ५० च्या जवळपास आणि १५,००० वरून मिनिटभर. उंची जवळपास दीडपट होते, पण हातात येणारा वेळ दुप्पट. पहिल्या उडीला ३० सेकंदही लहान वाटत नाहीत, तरी काय विकत घेतोय ते माहीत असावं.

५. विमा, अर्ज आणि घर

आरोग्य विम्याच्या कागदात, काय भरपाईत येत नाही त्या यादीत, ‘एक्सक्लुजन ०९’ (Excl09) शोधा. धोकादायक किंवा साहसी खेळ असं लिहिलेलं पाहून लोक विषय सोडून देतात. पण विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या त्या कलमात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास, असे शब्द आहेत. हौशी माणसाला ते आपोआप लागू होत नाही. तुमच्या पॉलिसीत तेच शब्द आहेत का ते वाचा, आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर मागा. फोनवरचं ‘हो सर, कव्हर आहे’ कुठेही दाखवता येत नाही.

अपघात विमा आणि टर्म विमा यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या वेगळ्या वाचाव्या लागतात. परदेशात उडी असेल तर प्रवास विम्यात साहसी खेळांची जोड घेतली आहे का, ते पाहा. साध्या प्रवास विम्यात स्कायडायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, आणि परदेशात घोट्याच्या एका शस्त्रक्रियेचं बिल उडीच्या खर्चाच्या कित्येक पट येतं.

दायित्वमुक्तीचा अर्ज, म्हणजे काही झालं तर संस्था जबाबदार नाही असं लिहून देण्याचा कागद, घरी मागवून घ्या. तो मैदानावर हातात पडतो तेव्हा मागे रांग असते आणि कोणी वाचत नाही. आरोग्याच्या रकान्यात खोटं लिहिलंत तर तो कागद तुमच्याविरुद्धच उभा राहतो.

आणि घर. आई-बाबांना सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र अर्जावर आपत्कालीन संपर्क म्हणून ज्याचं नाव लिहिणार, त्याला तुम्ही उडी मारताय हे माहीत असलंच पाहिजे. रुग्णालयातून फोन आल्यावर ‘तो तर ऑफिसच्या मीटिंगला गेलाय’ असं म्हणणारा माणूस काही कामाचा नाही.

तपासा: आता एका कागदावर तीन ओळी लिहा: कोणत्या परिस्थितीत मी उडी मारणार नाही. उदाहरणार्थ, नाक चोंदलेलं असेल. वारा त्यांनीच सांगितलेल्या आकड्यापलीकडे असेल. हार्नेसबद्दलच्या शंकेचं उत्तर मिळालं नसेल. हा कागद झाला की पैसे भरा. त्याआधी नाही.

६. उडीचा दिवस, जमिनीवर

आदल्या रात्री दारू नाही, पुरेशी झोप. सकाळी उपाशी जाऊ नका. संकष्टी त्याच दिवशी आली तर उपवास किंवा उडी, दोन्हींतलं एक निवडा. रिकाम्या पोटी पॅराशूटखाली भोवळ येणं नवीन नाही. उडीच्या दोन तास आधी पोहे, उपमा, केळं असं हलकं खा. मिसळ परत आल्यावर. मळमळीसाठी अव्होमिनसारखी झोप आणणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. सूचना ऐकून तत्क्षणी पाय उचलायचे आहेत.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, झुमके, गळ्यातला ताईत घरीच किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवा. याचा निर्णय घरीच करा, हार्नेस चढवताना नाही. नाडीचे स्पोर्ट्स शूज हवेत. सँडल नको, हुकांचे ट्रेकिंग बूटही नको. लांब केसांची घट्ट वेणी घालून ती आत खोचा. चष्म्यावरून बसणारा गॉगल आधी मागून ठेवा. मे महिना असला तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण वर हवा २५ अंशांनी थंड असते. खिसे रिकामे, मोबाइलसकट.

मग हार्नेस. इथे घाई होते आणि इथेच तुमचे डोळे कामाला येतात. मांड्यांचे पट्टे जांघेजवळ, सपाट, पीळ न पडलेले. छातीचा पट्टा आणि पोटाचा पट्टा लावलेला. मागून नितंबांच्या वर येणारा आडवा पट्टा घट्ट, कारण बसलेल्या स्थितीत माणूस मागून घसरू नये ही त्याची जबाबदारी. उभे असताना काचतोय असं वाटलं तर बहुधा बरोबर बसलाय. सहज दोन पावलं टाकता येत असतील तर पुन्हा बघायला सांगा.

हवामानासाठी थांबावं लागेल, कधी अख्खा दिवस. एक उलटं वाटणारं सत्य: अगदी वारा नसलेला दिवस उतरायला सर्वांत सोपा नसतो. समोरून हलका वारा असेल तर जमिनीजवळचा वेग कमी होतो. वारा पडलेला असेल तर बसून घसरत उतरायची तयारी ठेवा.

७. विमानात

चढायला विमानाप्रमाणे पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. मधेमधे आवंढा गिळत राहा. दार उघडायच्या आधी इन्स्ट्रक्टर तुम्हाला जोडून घेतो: दोन हुक खांद्यांशी, दोन कमरेशी. प्रत्येक हुकाचा खटका जाणवतो. चार मोजा. मोजून झाले की त्याला मोठ्याने विचारा, ‘चारही?’ चांगल्या इन्स्ट्रक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

थांबा: नकार द्यायचा असेल तर जागा हीच, दार उघडण्याआधी. शब्द एकच, ‘नाही’, आणि मान हलवून. दाराच्या चौकटीला धरून नकार देऊ नका. दोघांचा तोल जातो आणि तिथे खांदे निखळतात.

८. दारापासून जमिनीपर्यंत

हात छातीवरच्या पट्ट्यांवर, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, कंबर पुढे, टाचा विमानाच्या खाली मागे वळवलेल्या. शरीराचा आकार केळ्यासारखा. खाली वाकून बघितलंत की ही कमान मोडते आणि बाहेर पडताच कोलांटी होते.

पहिल्या काही सेकंदांत इन्स्ट्रक्टर एक छोटं पॅराशूट मागे सोडतो. दोघांच्या वजनाने वेग ताशी तीनशेच्या दिशेने जाऊ नये म्हणून ते असतं. खांद्यावर थाप पडली की हात पसरा. श्वास अडकल्यासारखं वाटलं तर हनुवटी वर करा आणि ओरडा. ओरडायला आधी श्वास आत घ्यावाच लागतो.

मुख्य पॅराशूट उघडताना झटका बसतो आणि एकदम शांतता होते. इथे पुष्कळ जण दचकतात, कारण इन्स्ट्रक्टर कमरेकडचे दोन हुक सैल करतो, काही संचांत सोडतोही, आणि तुम्ही इंचभर खाली सरकता. हे बसायला सोपं जावं म्हणून असतं. भार खांद्यांच्या हुकांवर आहे. त्याला तसं आधी सांगायला सांगून ठेवा. आता नाक चिमटीत धरून हळू हवा दाबा, कान मोकळे होतील. गिरक्या नको असतील तर आत्ताच सांगा, मळमळल्यावर नाही. तिथेच एकदा पाय उचलून दाखवा, तो मागतोच.

जमीन जवळ आल्यावर हात पँटवर, पाय जुळवून सरळ वर, आणि तो ‘उभे राहा’ म्हणेपर्यंत वरच. शेवटच्या दोन सेकंदांत जमिनीला पाय लावायचा मोह होतो. दोन माणसांचं वजन त्या एका घोट्यावर येतं, आणि पहिल्या उडीतली मोडलेली हाडं बहुतेक इथलीच.

९. उतरल्यावर

कान तासभर भरल्यासारखे राहिले तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखत असतील, ऐकू कमी येत असेल किंवा पाणी-रक्त येत असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर. मान आणि मांड्या दोन दिवस आखडतात, पट्ट्यांचे वळ दिसतात. पण घोट्यावर चार पावलं टाकताना भार सहन होत नसेल, माकडहाडाशी बसवत नसेल किंवा कमरेतून पायात मुंग्या येत असतील, तर परतीच्या विमानात बसण्याआधी एक्स-रे काढा, आणि तो रिपोर्ट विमा कंपनीच्या त्या ईमेलसोबत ठेवा.